नासका माल

बाटल्या वाफेने निर्जंतुक करून ज्ञानेश्वरी ऑटोक्लेव्हच्या खोलीतून परत आली तेव्हा टेबलावर देठांचा ढीग होता. आधी तिला ते काय आहे तेच कळलं नाही. वाळायला लागलेले हिरवट देठ, प्रत्येकाला शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर परकार मॅडमच्या अक्षरातला आकडा. ढिगाशेजारी दोन मोठे ट्रे, लख्ख पुसलेले, आणि त्यांत लालभडक, तुकतुकीत, बिनदेठाच्या मिरच्या एका दिशेने तोंड करून मांडलेल्या. ट्रेवर चार पदरी घातलेलं मलमलीचं ओलं फडकं पिळून खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेलं. आणि त्याच खुर्चीत आई बसलेली. बाळाबाईंनी पदर खोचला होता, हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि चेहऱ्यावर काम उरकल्यावर येतो तो निवांतपणा होता. "झालं बघ," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या करून टाकलं. तू एकली किती करशील?"

ज्ञानेश्वरीच्या हातात गरम बाटल्यांची जाळी होती. ती तिने सावकाश, फार सावकाश टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, कारण एखादी बाटली फुटली असती तर तेवढ्या निमित्तानेही तिला रडू फुटलं असतं. बाहेर रबाळ्याच्या एमआयडीसीत रविवारची सामसूम होती. शेजारच्या रंगाच्या कारखान्याची रोजची घरघर बंद, त्यामुळे इन्क्युबेटरचा पंखा नको इतका मोठ्याने ऐकू येत होता. तिने ढिगातला एक देठ उचलला. सत्तावीस. सत्तावीस नंबरची मिरची आता त्या ट्रेत कुठे आहे, की नाहीच, हे जगात कुणालाही सांगता येणार नव्हतं. आईला विचारावं तर मिरचीला नंबर असतो हेच तिच्या लेखी नवल. तिने आयुष्यभर गोण्याच्या गोण्या उपसल्या, एकेका मिरचीचं बारसं झालेलं तिने कुठे पाहिलं असणार?

त्या मिरच्या उद्या सकाळी सगळ्यांसमोर उघडायच्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणजे तिच्या वरिष्ठ परकार मॅडम, बियाणं विभागाचे साहेब, आणि पुण्याहून येणारे कंपनीचे संचालक, ज्यांच्या एका सहीवर बुरशीचं काम चालू राहणार की गुंडाळलं जाणार ते अवलंबून होतं. गुंडाळलं तर ज्ञानेश्वरीची रवानगी केळीची रोपं करणाऱ्या विभागात, हेही ठरलेलं. केळीशी तिचं काही वैर नव्हतं. पण गेली चार वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे होती. मिरची पिकून लाल झाली की तिच्यावर खोलगट डाग पडतो, डागात काळ्या ठिपक्यांची कडी उमटतात आणि मिरची नासते. हे एका बुरशीचं काम, एवढं सगळ्यांना माहीत. पण बुरश्या हजारो असतात, बहुतेक मेलेल्या पानावर नाहीतर शिळ्या भाकरीवर गुण्यागोविंदाने राहतात. हीच तेवढी जिवंत मिरचीची साल भेदून आत शिरते. आत शिरायची ही अक्कल तिच्या कुठल्या जनुकात असते? ज्ञानेश्वरी ते जनुक शोधत होती, आणि शोधायची रीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला येडपटपणाच वाटावी अशी होती. बुरशीच्या बीजाणूंत परक्या डीएनएचा एक तुकडा घुसवायचा. तो कुठे जाऊन बसेल ते आपल्या हातात नाही. ज्या जनुकात बसेल ते जनुक मोडतं. मग अशी एकेक मोडकी बुरशी घेऊन तिचा थेंब मिरचीवर ठेवायचा आणि वाट पाहायची. मिरची नासली की ती बुरशी बाद, पुढची घ्यायची. महिनेच्या महिने मिरच्या नासत राहिल्या. आणि मग एका सकाळी सहाशे चौदा नंबरच्या बुरशीने मिरचीला काहीही केलं नाही.

त्या सकाळी ज्ञानेश्वरी कुणाला काही न सांगता गच्चीवर जाऊन उभी राहिली होती. पारसिकच्या डोंगराकडे बघत, उगाचच. तिला अभिमान वाटत होता आणि अभिमान कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. काचेच्या बशीत सहाशे चौदा आपल्या बहिणींसारखीच फोफावायची, तेवढेच बीजाणू धरायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बीजाणूला कोंब फुटायचा, तो सालीवरून सरकायचा, पण जिथे धडधाकट बुरशीचा कोंब थांबून, चिकटून आत जोर लावायचा, तिथे हा आपला नुसता भरकटत पुढे जायचा. परकार मॅडमनी मात्र पाठ थोपटली नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, बशीत लाड करून वाढवलेली बुरशी कधीकधी आपोआपच आळशी होते, मिरचीत शिरायचं विसरून जाते. तुझ्या तुकड्याने जनुक मोडलं म्हणून असं झालं, की लाडाने झालं, सांग. सांगायला एकच वाट होती. धडधाकट बुरशीतून ते जनुक घ्यायचं आणि सहाशे चौदामध्ये परत बसवायचं. मोडल्यावर नासणं थांबलं आणि जोडल्यावर परत सुरू झालं, असं दोन्ही बाजूंनी दाखवता आलं तरच जनुक खरं. त्यासाठी हे दोन ट्रे. सारख्याच मिरच्यांचे तीन भाग केलेले: एका भागावर धडधाकट बुरशी, दुसऱ्यावर मोडकी सहाशे चौदा, तिसऱ्यावर जोडलेली. तिन्ही भाग एकमेकांत मिसळलेले, आणि कुठला आकडा कशाचा ते फक्त मॅडमना माहीत. तुझी नजर मायेची आहे, त्या म्हणाल्या होत्या, आणि मायेच्या नजरेला डाग दिसत नाहीत नाहीतर नको तिथे दिसतात. सोमवारपर्यंत फडकं वर करायचं नाही, फक्त वरून पाणी मारायचं. ज्ञानेश्वरीने ते तंतोतंत पाळलं होतं. जीव नुसता फडक्याखाली अडकलेला, पण एकदाही कोपरा उचलून पाहिला नव्हता.

आणि आज ती आईला घेऊन आली होती. बाळाबाईंनी गेल्या वर्षी मार्केटचं काम सोडल्यापासून एकच धोशा लावला होता, तुझं हापिस दाखव. लेक चार वर्षं रोज बॅग लावून जाते, तिथे नेमकं करते काय? कोपरखैरण्याच्या माथाडींच्या घरांत शेजारणी विचारायच्या तेव्हा बाळाबाई सांगायच्या, मिरचीवरचं औषध शोधती. हे ज्ञानेश्वरीनेच कधीतरी वेळ मारून नेण्यासाठी सांगितलेलं. दुसरं सांगणार काय? मी मिरच्या नासवते? ज्या घरात बाप पाठीवर मिरचीच्या गोण्या वाहतो आणि आई नासकी मिरची वेगळी काढून पोट भरते, त्या घरात हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मग ते औषधच घरात कायमचं राहिलं. आज सकाळी गेटवर वॉचमन रज्जाकभाईंनी बाळाबाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं. ते उरणकडचे, बोलके. "मावशी, तुमची लेक वर करते काय ते मला चार वर्षांत कळलं नाय बघा," ते म्हणाले. "मिरच्या घेऊन जाते येवढं मी बघतो." बाळाबाई नुसत्या हसल्या होत्या. औषधाचं त्यांनी रज्जाकभाईंना सांगितलं नाही. तेव्हा ज्ञानेश्वरीला वाटून गेलं, हिचाही त्या औषधावर कधी विश्वास बसलेला नाही.

आता मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. काय केलंस हे, असं ती म्हणणार होती, शब्द जिभेवर आलेले. हात लावू नकोस म्हणून सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नव्हतं, कारण प्रयोगशाळेत कुणी टेबलावरच्या वस्तूला हात लावतं हे तिला सुचलंच नव्हतं. शिकलेल्या माणसांना हे माहीत असतं. आईला दुसरंच माहीत होतं. तिच्यासमोर मिरच्या होत्या आणि हात रिकामे होते. ते हात आता मांडीवर उताणे पडलेले ज्ञानेश्वरीला दिसले आणि जिभेवरचे शब्द तिथेच राहिले. मस्जिद बंदरच्या गाळ्यावरून आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा असेच हात उताणे ठेवून बसायची. दिवसभर देठ खुडून बोटांची आग व्हायची. ताकात बुडव, तेल लाव, काही केल्या ती आग जायची नाही. कुठेही टेकले तरी हात झोंबायचे, म्हणून ते वर तोंड करून ठेवायचे. त्या हातांनी तिने लेकीच्या तोंडावरून कधी हात फिरवला नाही. वेणी घालायची ती शेजारची सुंदराबाई. लहानपणी ज्ञानेश्वरीला वाटायचं, आईला आपण आवडत नाही. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुलगी नाकाला रुमाल लावायची, मिरचीचा खकाणा हिच्या दप्तरातून येतो म्हणायची, आणि ज्ञानेश्वरी त्या दिवसांत आईवर मनातल्या मनात फार चिडायची. सुट्टीत गाळ्यावर जाऊन गोणीवर बसलं की दिसायचं, रांगेत बसलेल्या बायका, तोंडाला फडकी बांधलेल्या, आणि समोर दोन ढीग. एक चांगला. दुसरा डागाळलेल्या, पांढऱ्या पडलेल्या मिरच्यांचा, त्याला फटकी म्हणायचे. चांगल्या ढिगात फटकी सापडली तर गाळ्याचा मुनीम, मेहताजी, उभा राहून चार लोकांत बोलायचा. डोळे नाहीत का, घरी असंच निवडतेस का. आई मान खाली घालून ऐकायची. पुढे मसाल्याचं मार्केट खाडी ओलांडून इकडे आलं, त्यामागोमाग ती माणसंही आली, गाळे ऐसपैस झाले, बोलणं तेच राहिलं. ती फटकी ज्या बुरशीमुळे होते तीच बुरशी आज ज्ञानेश्वरीच्या बशीत होती. कॉलेजात पुस्तकात तिचं लॅटिन नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, अगं, तुला तर मी ओळखते. हे ती कुणाला बोलली नव्हती, मुलाखतीतसुद्धा नाही.

बाळाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला. "एक सांगू का? रागवू नगंस. तुझा माल लई खराब हाय. निम्म्याच्या वर नासका निघाला. मी फडकं काढलं आन् माझ्या काळजात धस्स झालं. उद्या तुझा सायेब बघंल, चार लोकांत बोलंल. म्हणून म्हटलं, आधीच काढून टाकावा. ह्यो बघ, डब्यात भरलाय. जाताना पिशवीतनं नेऊ, कुणाला कळायचं न्हाई."

ज्ञानेश्वरी उभीच राहिली. तिला आधी आईचं वाईट वाटलं. तीस वर्षं मेहताजीचं ऐकून घेतलेल्या बाईने लेकीला ते ऐकावं लागू नये म्हणून घाईघाईने, चोरून, सगळा नासका माल लपवला होता. आणि हे वाईट वाटणं चालू असतानाच, त्याच्या खालून, दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. निम्म्याच्या वर. आई काय म्हणाली? निम्म्याच्या वर. तिने मनात तीन भाग मांडले. धडधाकट बुरशीचा भाग नासणारच होता, तो नेहमीच नासतो. सहाशे चौदाचा भाग नासणार नव्हता, तो कधीच नासत नाही. म्हणजे जोडलेलं जनुक कुचकामी असतं, तर डब्यात तीनातला एकच भाग असायला हवा. निम्म्याहून कितीतरी कमी. आणि ही बाई, जिचा मालाचा अंदाज कधी चुकत नाही, ती म्हणतेय निम्म्याच्या वर. ज्ञानेश्वरीचे पाय डब्याकडे जाईनात. चार वर्षं जे बघायचं होतं ते त्या निळ्या प्लास्टिकच्या डब्यात होतं आणि तिला डब्याची भीती वाटत होती. शेवटी ती खाली फरशीवरच बसली, डबा ओढला आणि झाकण काढलं. ओलसर, आंबूस वास आला. वरचीच मिरची तिने उचलली. खोलगट डाग, डागात काळ्या ठिपक्यांची कडी, एकात एक. तिचीच बुरशी, दुसऱ्या कुठल्या उपऱ्या बुरशीची कडी अशी नसतात. दुसरी काढली. तिसरी. ती एकेक काढून फरशीवर मांडत गेली आणि ओळी वाढत गेल्या. ट्रेत उरलेल्या चांगल्या मिरच्यांच्या दुप्पट झाल्यावर डबा रिकामा झाला. आईने पुन्हा चाचरत विचारलं, लई नुकसान झालं का गं. ज्ञानेश्वरी मान हलवत राहिली, नाही म्हणून की हो म्हणून ते तिलाही सांगता आलं नसतं.

नुकसान झालं होतंच. उद्या संचालकांपुढे ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं. कुठली मिरची कुठल्या भागातली ते कुणी सिद्ध करू शकणार नव्हतं आणि विज्ञानात आईचा शब्द चालत नाही. तिने कोपऱ्यातल्या फोनवरून पनवेलला परकार मॅडमच्या घरी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, देठांसकट. मॅडमनी एवढंच विचारलं, किती? निम्म्याच्या वर, ज्ञानेश्वरी म्हणाली, तीनातले दोन भाग. मॅडमनी परत विचारलं आणि तिने परत तेच सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या की उद्या याला पुरावा म्हणायचं नाही, चकार शब्द काढायचा नाही, नुसती अजून एका फेरीची मुदत मागायची. मागशील ना तू? की मी मागू? ज्ञानेश्वरी म्हणाली, मी मागते. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आजपर्यंत या कंपनीत तिने काही मागितलेलं नाही. मीटिंगमध्ये ती कायम भिंतीकडची खुर्ची धरायची, कुणी विचारलं तर बोलायची, आणि बोलताना मान आपोआप खाली जायची. कुणाची ती मान, ते तिला आता कळलं. उद्या ती मान वर ठेवून मागणार होती. त्यांनी नाही म्हटलं तर परत मागणार होती. जनुक खरं होतं. ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं माणूस निराळं उभं राहतं.

ती परत आईपाशी आली आणि एक नासकी मिरची तिच्या तळहातावर ठेवली.

"आई, ही मी नासवलीय."

"तू? मुद्दाम?"

"मुद्दाम. माझं कामच ते आहे. औषधबिवषध काही नाही."

बाळाबाईंनी मिरची उलटसुलट करून पाहिली. मग ट्रेतली एक चांगली उचलली. "आन् ही?"

ज्ञानेश्वरीने सांगितलं. तिला वाटलं होतं हे मराठीत, आणि त्यातही आईच्या मराठीत, सांगता येणार नाही. पण आलं. बुरशी ह्या चांगल्या मिरचीवरही बसलेली आहे, पण तिचं आतलं एक काहीतरी मी मोडलं, म्हणून तिला सालीच्या आत जाता येईना. मग तेच परत जोडलं, तर शिरली, आणि मिरच्या नासल्या. बाळाबाईंनी ती चांगली मिरची डोळ्यांजवळ नेली, तीस वर्षं नेली तशी, डाग शोधत.

"म्हंजी ती नुसती दारात बसून हाय म्हण."

"हो. दारातच."

"आन् मोडायचं कुठं, ते कुणाकुणाला ठावं?"

"मला. आणि आमच्या मॅडमना. बाकी अजून कुणालाच नाही."

फरशीवर ओळीने मांडलेल्या नासक्या मिरच्यांकडे बाळाबाई बघत राहिल्या. जन्मभर त्यांनी जे दिसेल तिथून वेचून फेकलं, ज्याच्यापायी बोलणी खाल्ली, ते सगळं त्यांच्या लेकीने स्वतःच्या हाताने केलं होतं, हवं तेव्हा थांबवलं होतं, आणि हवं तेव्हा परत सुरू केलं होतं. हे त्यांना कितपत उमगलं कोण जाणे. पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि ज्ञानेश्वरीने तो चेहरा आधी कधी पाहिलेला नव्हता.

"मग मी सगळा इस्कोट केला की," त्या म्हणाल्या.

"केलास."

"तर परत नासव. लाल मिरच्या मी आणून देते, भाजी मार्केटातनं, एकेक बघून. एकीला डाग असला तर माझं नाव बदल." मग जरा थांबून, "आन् देठाला हात लावायची न्हाई."

त्यांनी उठून हात धुतले, पुसले. मिरच्या ओल्या होत्या, ताज्या, बोटांची फारशी आग झाली नसावी, तरी त्यांनी सवयीने हात उताणे धरून दोनदा हुंगून पाहिले. मग ज्ञानेश्वरीच्या गालावर, कानामागे, केसांवरून, एकदाच आणि ओझरता, हात फिरवला. गाल थोडासा चुरचुरला. ज्ञानेश्वरीने तो पुसला नाही.

निघताना गेटवर रज्जाकभाई होतेच. त्यांनी स्टूल पुढे केलं, पण बाळाबाई बसल्या नाहीत. "काय मावशी, बघितली काय लॅब?" त्यांनी विचारलं. "काय करते मग आमची मॅडम?"

ज्ञानेश्वरी सवयीने पुढे झाली, औषधाचं सांगायला. पण बाळाबाईंनी पदर नीट केला, आणि कोपरखैरण्यापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात सांगितलं, "माझी लेक माल नासवती."

रज्जाकभाई हसले. म्हातारी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी ज्ञानेश्वरीकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "नासवते."

"निम्म्याच्या वर," बाळाबाई म्हणाल्या आणि लेकीच्या पुढे चालायला लागल्या.